दहा यार्डांची साखळी

एकतीस हंगाम ही साखळी माझ्या हातात आहे.
दोन टोकांना दोन केशरी काठ्या, रंग उडालेल्या,
मध्ये दहा यार्ड.
चार संधींत तेवढं कापा, नाहीतर चेंडू दुसऱ्याचा.
आठवडाभर मी धान्याच्या कोठारावर ट्रक तोलतो,
शनिवारी कॉलेजच्या मैदानावर पोरांची धाव मोजतो.
काट्याला कणव नसते, बाप म्हणायचा.
साखळीलाही नसते.

ऑरिन सोलबर्ग कोच होते तेव्हा
चौथा डाऊन म्हणजे मला उसंत.
एक यार्ड उरो की अर्धं,
ते नुसती मान हलवायचे,
आणि कुणीतरी लांब पायांचा पोरगा आत जाऊन
चेंडू आभाळात लाथाडायचा.
"त्यांना लांबून चालत येऊ दे," ते म्हणायचे,
"लांबून येणारा वाटेत कुठेतरी अडखळतोच."
ताकही फुंकून पिणारा माणूस.
गाडीची टाकी कधी अर्ध्याखाली गेली नाही,
तळघरात तीन हिवाळ्यांची लाकडं.
सामने संपायचे दहा-सात, सहा-तीन.
आमचं गाव पेंगत पेंगत जिंकायचं.

मग लमार पेटिफर्ड आले.
खिशात घडी घातलेला कागद, त्यावर आकडे:
कुठे असलो, किती उरलं, तर काय करायचं.
पहिल्याच शनिवारी, आपल्याच वीस यार्डांवर,
चौथ्या डाऊनला पोरं जागची हलेनात.
मी काठी उपटून निघालोही होतो.
"हॅलव्हर, थांब," पंच म्हणाला, "हे खेळतायत."
चेंडू देऊन टाकणं म्हणजे
भूक असताना ताट सरकवणं,
असं पेटिफर्ड रेडिओवर म्हणाले.
त्या वर्षी धावून धावून माझं सहा किलो वजन उतरलं.
बायको म्हणाली, हा कोच बरा.

बिचारा विटेक मात्र बाकावर.
पाय असा की चेंडू ढगातून ओला होऊन यावा,
आणि बूट हंगामभर कोरडे.
आई चार तास गाडी चालवून यायची,
त्याला बसलेला बघायला.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार.
वारा कॅनडातून थेट, मध्ये एक झाड नाही.
आम्ही चार गुणांनी पुढे, तीन मिनिटं बाकी,
आपल्याच चौतीसवर चौथा डाऊन.
हवं होतं एक यार्ड.
विटेकने हेल्मेट चढवलंसुद्धा.
पेटिफर्डनी कागद काढला नाही.
पोरांकडे बघितलं, इतकंच.
कीऑन बायर्स डोकं खाली घालून ढिगाऱ्यात घुसला.

पंचाने आम्हाला आत बोलावलं.
साखळी ताणली, कडी न कडी ताठ.
चेंडूचं नाक आणि काठी यांच्यामध्ये
माझी तीन बोटं मावली असती.
सात हजार माणसं माझ्या मुठीकडे बघत होती.
काठी जराशी कलली असती तर.
नाही कलली.

सहा खेळींत त्यांनी टचडाऊन केला.

स्टँड रिकामा झाल्यावर सोलबर्ग उतरले,
एकेक पायरी, दुखरा गुडघा आधी.
मला वाटलं, आता बोलणार.
सगळं गाव तेच बोलत होतं.
त्यांनी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
पेटिफर्डच्या हातात दिली.
"माझं चौथं वर्ष. हाच वारा, हीच रेघ,
एकच यार्ड. मी पंट केला."
"कसा पडला?"
"देखणा. त्यांच्या सहा यार्डांवर बाहेर गेला."
"मग?"
"चौऱ्याण्णव यार्ड चालत आले.
कुणीही अडखळलं नाही."

पेटिफर्ड कॉफी प्यायले. गरम असावी, डोळ्यांत पाणी आलं.
बाकावर विटेक नाड्या सोडत होता.
मी साखळी गुंडाळत होतो, कड्या बर्फासारख्या.
"नक्की किती कमी पडलं हो?" त्यांनी मला विचारलं.
मी तीन बोटं वर केली.
थंडीने ती सरळ राहीनात.